आईला मी दिसत नव्हतो

‘‘येणार की नाही, एवढंच सांग,’’ आईनं विचारलं आणि तिचा उजवा हात हवेतच थांबला.

तो तिनं थांबवला नव्हता, चित्र अडकलं होतं. पाच-सहा सेकंदांनी हात एकदम मांडीवर पडलेला दिसला. मधे ती जे काही बोलली असेल ते मिरज ते दिब्रुगड या वाटेत कुठेतरी सांडलं होतं. माझी आई जन्माची नव्हे, पण दुसऱ्या वर्षापासूनची बहिरी. वडील जन्मापासून. आमच्या घरात बोलणं हातांनी व्हायचं, त्यामुळे चित्र अडकलं की आमचं वाक्यच तुटायचं. लोकांचं बरं असतं, चित्र गेलं तरी आवाज येत राहतो.

‘‘पुन्हा सांग,’’ मी खूण केली. ‘‘अडकलं.’’

‘‘शुक्रवारी येणार का?’’

‘‘रजा मिळत नाही.’’

‘‘विचारलंस?’’

‘‘विचारलं.’’

विचारलं नव्हतं. पण हातानं खोटं बोलणंही तोंडानं बोलण्याइतकंच सोपं असतं, आणि मला तर दोन्हीची सवय होती.

शुक्रवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदू. आजकाल त्यात काही नाही, माणसं सकाळी जातात आणि दुपारी घरी येऊन पेपर वाचतात. पण आईचा डावा डोळा कानांबरोबरच गेला होता, दुसऱ्या वर्षी आलेल्या त्याच तापात. राहिला होता एक उजवा. त्यावर दिवसभर पट्टी, ती दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार. म्हणजे एवढा वेळ तिला ऐकूही येणार नव्हतं आणि दिसणारही नव्हतं.

‘‘वीस मिनिटांचं काम आहे,’’ मी म्हणालो. ‘‘कोरे काकू आहेत ना बरोबर.’’

‘‘काकू चांगली आहे. पण तिला माझं बोलणं येत नाही.’’

‘‘एक दिवसाचा प्रश्न आहे, आई.’’

‘‘डॉक्टर काय म्हणाले, कुठे नेतायत, कोण आलं, कोण गेलं. मला कोण सांगणार?’’

‘‘काकू हात धरून नेतील. तू नुसतं पडून राहायचं.’’

ती पडद्यातून माझ्याकडे बघत राहिली. पडद्यात माणूस आपल्याकडे बघतो म्हणजे खरं तर जरा खालीच बघत असतो, तरी मी नजर चुकवली.

याला आता बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि चहाच्या कारखान्यांना संगणक बसवून देणाऱ्या एका कंपनीत होतो. मिरजेतून इतक्या लांब नोकरी का धरलीस, असं सगळे विचारायचे. मी पगाराचं कारण सांगायचो. खरं कारण असं की चौथ्या वर्षापासून मी माझ्या आईवडिलांचा दुभाषा होतो. बँकेत, दवाखान्यात, घरमालकासमोर, माझ्याच शाळेत माझ्याच तक्रारी ऐकताना. बाई म्हणायच्या, ‘‘श्रेणिक वर्गात फार बोलतो,’’ आणि ते मीच वडिलांना हातानं सांगायचो. मी कंटाळलो होतो. जिथे कुणी मला ‘त्यांना सांग’ आणि ‘तिला विचार’ म्हणणार नाही, अशी जागा शोधत मी देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलो.

तिथे खरंच कुणी म्हणालं नाही. तिथे कुणी काहीच म्हणालं नाही. आसामी येत नव्हतं, हिंदी कामापुरतं होतं, क्वार्टर कारखान्यामागे एका बाजूला. सोमवार ते शनिवार माझे हात नुसते लोंबायचे. एकदा टपरीवर चहा मागताना मी बोटांनीच बोलून गेलो आणि टपरीवाल्यानं, मला बोलता येत नाही असं समजून, दयेनं एक बिस्किट जास्त दिलं. मी ते खाल्लं आणि खोलीवर येऊन रडलो, तेही कबूल करून टाकतो. माझी मातृभाषा मला फक्त रविवारी अकरा ते बारा मिळायची, आणि तीसुद्धा अडकत अडकत.

म्हणून मी त्या रविवारी एक शहाणपणा करायला घेतला होता. ऑपरेशनला जायचं नव्हतं, तर निदान चित्र तरी चांगलं करून द्यावं. मनाची समजूत घालायची ही माझी पद्धत. आईचा संगणक माझ्या कॉलेजातला होता, त्यावर यंत्र चालवणारी मोफत प्रणाली मीच टाकलेली होती. तिची नवी आवृत्ती आली होती. ती घातली की चित्र अडकणार नाही असा माझा हिशेब होता. मी इथून तारेतून तिच्या यंत्रात शिरून सगळं करू शकत होतो. सकाळी नऊलाच काम लावून दिलं होतं. आईशी बोलत होतो तेव्हा पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीत ते आपलं आपलं चालू होतं. शहाणा माणूस असं करत नाही. ज्या यंत्रावरून बोलतोय, त्याच यंत्राचं पोट कुणी बोलता बोलता उघडत नाही.

‘‘ठीक आहे,’’ आई म्हणाली. मग जरा थांबून तिनं जोडलं, ‘‘तुझे वडील असते तर तुला विचारलंच नसतं.’’

वडिलांना जाऊन दोन वर्षं झाली होती. ते असते तर पट्टी बांधलेल्या आईच्या हातावरच खुणा करून त्यांनी तिला सगळं जग सांगितलं असतं, हे मलाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच डोकं फिरलं.

‘‘पुरे!’’ मी हात झटकून म्हणालो.

दुसऱ्या खिडकीत यंत्र काहीतरी विचारत थांबलं होतं. चालू प्रोग्राम थांबवून पुन्हा सुरू करायचे का, हो किंवा नाही. मी न वाचता ‘हो’ दाबलं. रागात दाबलं.

आई नाहीशी झाली.

पहिली दोन मिनिटं मला काही वाटलं नाही. येईल परत, म्हटलं. मग त्या खिडकीत तांबड्या अक्षरांतल्या ओळी सरसर वर जायला लागल्या. तिच्या पडद्याला चित्र पुरवणारा जो छोटा प्रोग्राम असतो, ग्राफिक ड्रायव्हर, त्याचंच भांडण लागलं होतं. नव्या आवृत्तीला स्वतःचा ड्रायव्हर बसवायचा होता. जुना ड्रायव्हर जागा सोडत नव्हता. दोघांचा एकाच फाइलवर दावा. नवा अर्धा बसून थांबला होता, जुना अर्धा निघून थांबला होता, आणि या भानगडीत पडदा काळा.

यंत्र मात्र जिवंत होतं. मी आत होतो, हुकूम देऊ शकत होतो. फक्त आईला काहीच दिसत नव्हतं.

मी कोरे काकूंना फोन लावला. त्या आमच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या.

‘‘कोण? श्रेणिक? बोल की रं.’’

मागे सनई आणि बायकांचा गलका.

‘‘काकू, घरी आहात का?’’

‘‘न्हाई बाबा, जयसिंगपूरला आलोय सगळी. भाचीचा साखरपुडा हाय. का रं, आई बरी हाय न्हवं?’’

‘‘बरी आहे. कॉम्प्युटर बंद पडलाय, तिला जरा थांब म्हणून सांगायचं होतं.’’

‘‘मग फोनवर लिवून पाठीव की.’’

‘‘तिला कुठे वाचता येतं, काकू.’’

‘‘व्हय की. इसरलोच मी. आता सांजच्यालाच येतोय बघ आम्ही. एवढं काय हाय त्यात, बसल घटकाभर. पर शुक्रवारचं तू काळजी करू नगंस हां. मी हाय.’’

मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला.

आता यंत्र परत सुरू केलं तर पडदा लागतो का हे मला इथून कसं कळणार? विचार करता करता आठवलं, पडदा गेला तरी वरचा कॅमेरा गेलेला नव्हता. त्याला ड्रायव्हरच्या भांडणाशी देणंघेणं नाही. कॅमेऱ्याकडून दहा-दहा सेकंदांचे तुकडे मागवायचे आणि आईच्या चष्म्यात बघायचं. पडदा उजळला तर तिच्या काचेत दोन पांढरे चौकोन दिसतील. या युक्तीवर मी स्वतःवरच खूश झालो.

पहिला तुकडा आला. आई पडद्याच्या अगदी जवळ आली होती. बोटानं काचेवर टकटक करत होती. चष्म्यात चौकोन नव्हते.

मी भांडण सोडवायला बसलो. जुना ड्रायव्हर काढ, असा हुकूम दिला. यंत्र म्हणालं, काढता येत नाही, त्याला कुलूप आहे. कुलूप? कुणी घातलं? नोंद बघितली तर दोन वर्षांपूर्वीची तारीख आणि माझंच नाव. वडील गेल्यावर आठवड्यानं, आसामला निघायच्या आदल्या दिवशी, मी बाहेरून कुठून तरी एक ड्रायव्हर आणून बसवला होता. तो चालला. मग यापुढे त्याला कुणी हात लावू नये म्हणून कुलूप घालून मोकळा झालो होतो. एकदा नीट बसवून दिलं की पुन्हा बघायला नको. आईच्या बाबतीतही मी तेच केलं होतं. काकू आहेत, पैसे वेळेवर जातात, रविवारी फोन, झालं.

दुसरा तुकडा. खुर्ची रिकामी.

कुलूप काढलं. जुना निघाला, पण जाताना नव्याच्या दोन फाइली घेऊन गेला. नवा म्हणाला, मी अर्धवट आहे, आधी मला काढ. काढायला गेलो तर म्हणाला, माझ्यावर अजून अकरा प्रोग्राम अवलंबून आहेत. मी यंत्र बंद करून सुरू केलं. दोन मिनिटांनी आत शिरता आलं. तुकडा मागवला.

आई परत आली होती. तिनं मागची ट्यूबलाइट लावली होती, भर दुपारी, खिडकीतून ऊन आत येत असताना. खुर्ची ओढून नेमकी उजेडात बसली होती. चष्म्यात चौकोन नव्हते. पण तिचे हात हलत होते. ती काळ्या पडद्याशी बोलत होती.

तुकडा संपला. मी पुढचा मागवला. मधले काही सेकंद गेलेच.

‘‘...एकटी जाते. काकू आहे. मी घाबरत नाही.’’

पुढचा.

‘‘...वडिलांचं नाव काढलं, चुकलं माझं. पुन्हा नाही काढणार. तू...’’

पुढचा.

‘‘...काही मागणार नाही. दिवा लाव. श्रेणिक, दिवा लाव.’’

मी हातातलं काम सोडून बसलो. आमच्या घरातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते, ती सांगायला हवी. ज्यांच्या घरात तोंडानं भांडतात, तिथे चिडलेला माणूस दार आपटून जातो. आमच्या घरात दार आपटून उपयोग नव्हता, कुणाला ऐकू जाणार? मी चिडलो की दिवा घालवायचो. आई बोलत असेल, वडील समजावत असतील, मी बटण खाली करायचो आणि अंधारात निघून जायचो. अंधारात त्यांना बोलता येत नसे, उत्तर देता येत नसे. ते तिथेच बसून राहत. शेवटचा शब्द माझा. सोळा-सतरा वर्षांचा असताना मी हे इतक्यांदा केलं होतं की एकदा वडिलांनी मला त्यासाठी मारलं, आयुष्यात एकदाच. आमच्या घरात याहून मोठी शिवी नव्हती.

मी ‘पुरे’ म्हणालो होतो आणि पुढच्या क्षणी पडदा काळा झाला होता. ड्रायव्हर, आवृत्ती, कुलूप यातलं तिला काय माहीत? तिला एकच कळलं, पोरानं दिवा घालवला.

आणि मी तिच्या समोरच होतो. ती बोलत होती ते सगळं मला दिसत होतं, माझे हात आपोआप वर येत होते, ‘आई, मी नाही केलं, आई, मी इथे आहे’ म्हणत होते. रिकाम्या खोलीत. मला अजूनही वाटतं, कुणी मला खिडकीतून पाहिलं असतं तर वेडाच म्हटलं असतं. मी तिला दिसत नव्हतो. तिला चोरून बघतोय याची लाज वाटली, तरी पुढचा तुकडा मागवायचं काही थांबलं नाही.

पुढच्या तुकड्यात ती बोलत नव्हती. पदरानं चष्मा पुसत होती.

मग मी हुशारी सोडली. नवा ड्रायव्हर, जुना ड्रायव्हर, दोन्ही मुळासकट उपटले. अकरा प्रोग्राम गेले तर गेले. प्रणालीबरोबर जो साधा ड्रायव्हर येतो, ज्याला आम्ही जाणकार लोक नाकं मुरडतो, तो जागेवर ठेवला. त्याला कुणाशीच भांडायचं नव्हतं. यंत्र परत सुरू केलं. घाईत पासवर्ड तीनदा चुकला.

तुकडा मागवला. आईच्या चष्म्यात दोन पांढरे चौकोन.

यंत्र सुरू झालं की कॉल आपोआप लागायची सोय मी करून ठेवली होती. लागला. आई समोर आली. चाळीस मिनिटं झाली होती. चित्र स्वच्छ होतं, हात कुठेही अडकत नव्हते, तिच्या बोटावर शिवणकामाच्या सुईनं पडलेले बारीक ठिपकेसुद्धा दिसत होते.

‘‘यंत्र बिघडलं होतं,’’ मी घाईघाईनं म्हणालो. ‘‘मी काही केलं नाही. म्हणजे मीच केलं, पण मुद्दाम नाही. यंत्र.’’

‘‘हो का?’’ आई हसली. ‘‘मला माहीत नाही. मी स्वयंपाकघरात होते. आत्ताच आले.’’

मागे ट्यूबलाइट जळत होती.

‘‘चित्र छान दिसतंय,’’ ती म्हणाली. ‘‘आणि शुक्रवारी येऊ नकोस. मी काकूबरोबर जाते. उगाच तिकिटाला पैसे.’’

मी पाहिलं आहे, असं सांगायला मी हात उचलले आणि खाली ठेवले. तिनं एवढ्या कष्टानं ते लपवलं होतं. मी ‘बरं’ म्हणालो. तिनंही ‘बरं’ म्हटलं. मग आम्ही दोघं दहा मिनिटं भाजीविषयी बोललो.

सोमवारी सकाळी सैकिया साहेबांपुढे रजेचा अर्ज ठेवला. त्यांनी कारण वाचून सही केली आणि हिंदीत विचारलं, आधी का नाही सांगितलंस? एवढंच लागलं, दोन मिनिटं. आईला मी कळवलं नाही. तिकीट गुरुवारचं मिळालं होतं आणि जानेवारीतलं तिकडचं धुकं मला माहीत होतं. येतो म्हणून न पोचण्यापेक्षा न सांगितलेलं बरं.

धुक्यानं आपलं काम केलंच. गुरुवारचं विमान शुक्रवारी पहाटे सुटलं. पुण्याहून मिळेल ती गाडी पकडून मिरजेच्या त्या दवाखान्यात पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. ऑपरेशन सकाळी दहालाच झालं होतं.

खोलीत चार खाटा. खिडकीकडच्या खाटेवर आई पाठीला उशी लावून बसली होती. उजव्या डोळ्यावर पट्टी, पट्टीवर प्लास्टिकची वाटी. हात मांडीवर एकमेकांत घालून ठेवलेले. आईचे हात मी झोपेतसुद्धा इतके गप्प पाहिले नव्हते. शेजारी स्टुलावर कोरे काकू.

‘‘आलास व्हय रं!’’ काकू उठल्या. ‘‘लई ग्वाड झालं बघ. डाक्टर म्हणालं, एकदम चांगलं झालंय ऑपरेशन. पर हिला कसं सांगू? हात हातात घिऊन दाबला, डोसक्यावरनं हात फिरवला. समजलं का न्हाई काय ठाव. जेवली न्हाई. सकाळधरनं अशीच बसलीया.’’

मी स्टुलावर बसलो आणि आईचा हात धरला.

तिनं तो चाचपला. बोटं काकूंची नव्हती, बाईची नव्हती, एवढं तिला कळलं. तिनं हात हळूच सोडवून घेतला, दोन्ही हात जोडून समोरच्या परक्या माणसाला नमस्कार केला. डॉक्टर असेल, नाहीतर कम्पाउंडर. मग पट्टीकडे बोट दाखवलं आणि तळवा उताणा करून, अडाणी माणसाला कळेल अशी मोठी खूण केली, ‘कधी काढणार?’

तिला मी आहे हे कसं सांगू? नाव बोटांनी काढावं तर तिला अक्षरं येत नव्हती.

बहिऱ्यांच्या घरात प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं. कागदावरच्या नावाशी त्याचा संबंध नसतो. वडिलांचं नाव कपाळावरची खोक. माझं नाव ठेवलं गेलं तेव्हा मी पाच-सहा महिन्यांचा होतो. आईच्या हातून पातेलं पडलं आणि पाळण्यात मी दचकलो. आईनं पुन्हा पाडलं, मी पुन्हा दचकलो. तिनं वडिलांना हाताला धरून आणलं आणि तिसऱ्यांदा पातेलं पाडून दाखवलं. दोघांना ऐकू न येणारं काहीतरी त्यांच्या पोराला ऐकू येत होतं. तेव्हापासून माझं नाव कान. कानाची पाळी दोन बोटांत धरायची, की मी. मोठा झाल्यावर मला त्या नावाचा राग होता. मला वाटायचं, यांना मुलगा नको होता, कान हवा होता.

मी आईचा उताणा हात धरला, वर नेला आणि तिची दोन बोटं माझ्या कानाच्या पाळीवर ठेवली.

ती हलली नाही. मग तिनं पाळी चिमटीत धरली आणि दुसऱ्या हातानं माझा चेहरा, खांदा, दाढी, शर्टाची बटणं, सगळं भराभर तपासलं. कान सोडला नाही. काकू म्हणाल्या, ‘‘अगं सोड की, तुटंल त्येचा कान.’’ पण ते तिला कोण सांगणार?

मग एका हातानं ती बोलायला लागली. मला बघता येत होतं, तिला स्वतःचेही हात दिसत नव्हते, म्हणून खुणा वाकड्यातिकड्या पडत होत्या.

‘‘सकाळपासून,’’ ती म्हणाली, ‘‘सकाळपासून माझ्याशी कुणी बोललं नाही. मला वाटलं मी मेले. मेल्यावर असंच असतं बहुतेक. कुणीच नव्हतं इथे. कुणीच नव्हतं.’’

काकू सकाळी सातपासून तिच्याशेजारी बसून होत्या. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायल्या नसतील.

‘‘काय म्हणतीया रं?’’ त्यांनी विचारलं. ‘‘मला सांग की.’’

आयुष्यभर मी जे बोललं गेलं तेच सांगत आलो होतो, शब्दाला शब्द, माझ्या तक्रारींसकट.

‘‘तुमचं कौतुक करतेय,’’ मी म्हणालो. ‘‘काकू सकाळपासून हलल्या नाहीत म्हणतेय.’’

‘‘असू दे, असू दे,’’ काकूंनी पदर डोळ्याला लावला. ‘‘त्यात काय एवढं.’’

मी आईचा तळहात उताणा करून मांडीवर घेतला, आणि त्यावर एकेक खूण उमटवत, ऑपरेशन चांगलं झालं इथपासून सांगायला सुरुवात केली.